रविवारचे पाहुणे

"लोण्याचं भांडं बाहेर ठेव गं," आई म्हणाली. "पाहुण्यांची गाडी आली असेल."

इंदिरेने भांडं उचललं. थालीपीठं तव्यावर होती, पोह्यांवर कोथिंबीर पडली होती आणि खोबऱ्याच्या वड्या कालच थापून झाल्या होत्या. लढाईमुळे साखर रेशनवर. घरातल्या सगळ्यांनी महिनाभर गुळाचा चहा प्यायला, तेव्हा कुठे या वड्या झाल्या. आता पाहुण्यांनी त्या खायच्या, मुलगी बघायची आणि 'कळवतो' म्हणून परतीच्या गाडीत बसायचं. दोन वर्षं बहुतेक रविवार असेच गेले होते. लोक लोणावळ्याला हवा खायला येतात आणि मास्तरांच्या घरी फराळ करायला, असं ती पूर्वी गमतीने म्हणायची. हल्ली गंमत करायचाही कंटाळा आला होता.

भुशीहून लोणी घेऊन आलेली सरुबाई मागच्या दाराशी टेकली होती.

"ताई, या खेपंला जमंल बगा. माजं मन सांगतंय."

"तुमचं मन दर रविवारी सांगतं, सरुबाई."

"मग काय वंगाळ सांगू व्हय? आन् माजं लोनीबी खपतंय की."

इंदिरेला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. या खेपेला जमायलाच हवं होतं. वडगावच्या एका वकिलांचं स्थळ येऊन पडलं होतं. वय पंचेचाळीस, दोन बायका गेलेल्या, तीन मुलं पदरात. त्यांना सोमवारी उत्तर द्यायचा शब्द तिचे वडील, नाना मास्तर, देऊन बसले होते. कल्याणच्या या मुलाने पसंत केलं तर ठीक, नाहीतर वकिलांना होकार. नानांशी वाद घालायचं बळ तिच्यात आता उरलं नव्हतं.

पाहुणे तिघंच होते. मुलगा दिगंबर, रेल्वेच्या कचेरीत कारकून. त्याची थोरली बहीण चंद्रिका. तिची पाच वर्षांची रतन. दिगंबराला आईवडील नव्हते. चंद्रिकेचे यजमान पलटणीबरोबर इराकात होते, म्हणून मुली बघायचं काम तिच्यावरच पडलं होतं.

दिगंबराच्या कोटाची कॉलर झिजलेली होती, पण कपडे स्वच्छ होते. चेहरा दमलेला. इंदिरेने पोह्यांची बशी पुढे केली, तेव्हा त्याने मान वर केली नाही. इतर मुलं कशी टक लावून बघत. हा माणूस या सगळ्याला आपल्याइतकाच विटलेला आहे, असं तिला वाटलं आणि त्याच्याबद्दल उगाच माया आली.

"देण्याघेण्याचं काय?" नानांनी चाचरत विचारलं.

"आम्हाला हुंडा नको," चंद्रिका म्हणाली. "मानपान नको. मुलगी चांगली असली म्हणजे झालं."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांच्या बशीत आणखी एकेक थालीपीठ वाढलं.

बोलता बोलता चंद्रिकेने भावाच्या पोह्यांतल्या मिरच्या वेचून आपल्या बशीत घेतल्या. त्याने बशी तिच्याकडे सरकवलीही.

"त्याला तिखट सोसत नाही," ती म्हणाली.

"बहीण असावी तर अशी," आई म्हणाली.

रतन मुकाट्याने खात होती. चार वड्या झाल्या, पाचवी तिने मुठीत धरून ठेवली.

"मामा लाडका ना गं?" नानांनी तिला विचारलं.

रतनने आधी चंद्रिकेकडे बघितलं, मग मान हलवली. पोट भरल्यावर ती दिगंबराच्या मांडीवर जाऊन झोपली. त्याचा हात तिच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहिला. मुलांची इतकी माया असलेला पुरुष इंदिरेने फारसा बघितला नव्हता.

हात धुवायला म्हणून चंद्रिका स्वयंपाकघरात आली आणि तिथेच घुटमळली.

"फार खपलात तुम्ही," ती म्हणाली. "उत्तर काही येवो, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यात काही उणं नाही."

असं याआधी कुणी म्हणालं नव्हतं. इंदिरेला एकदम भरून आलं.

"उद्यापर्यंत कळलं तर उपकार होतील," निघताना नाना म्हणाले.

"कळवतो," दिगंबर म्हणाला. त्याने खाली वाकून दोघांना नमस्कार केला.

पाहुणे गेल्यावर आईला ओटीवर डबा दिसला. उरलेल्या सगळ्या वड्या तिने रतनसाठी त्यात भरून दिल्या होत्या आणि डबा तिथेच राहिला होता. सरुबाई केव्हाच गावी गेली होती, नाना पंचा डोक्याखाली घेऊन लवंडले होते.

"मी देऊन येते," इंदिरा म्हणाली.

आईने नको म्हणायच्या आत ती निघाली. स्टेशन जवळच होतं. खरं सांगायचं तर तिला त्याला आणखी एकदा बघायचं होतं. मनातल्या मनात ती होकार देऊन बसली होती.

गाडी लागलेली होती. तिसऱ्या वर्गाच्या एका खिडकीत तिला चंद्रिकेचा अंबाडा दिसला. शेजारी दिगंबर, त्याच्या खांद्यावर झोपलेली रतन. त्यांची पाठ फलाटाकडे होती. इंदिरा खिडकीशी पोचली आणि तिने डबा पुढे केला.

"पुढच्या रविवारी कुठं?" दिगंबर विचारत होता.

"तळेगावला," चंद्रिका म्हणाली. "त्या मुलीची आई बासुंदी छान करते म्हणे. पण जरा आधीची गाडी धरू या. आज रतन भुकेने कळवळली होती."

इंदिरेचा हात तसाच राहिला. म्हणजे नकार. तोसुद्धा घरी पोचायच्या आधीच. उद्या सोमवार.

रतन जागी झाली. तिने डोळे चोळले आणि आईचा पदर ओढला.

"आई, आता बाबांना बाबा म्हणू?"