उभी इस्त्री

तिसराही चेहरा करपला.

श्वेताने बटर पेपर उचलला, तर खाली पिवळ्या प्लास्टिकचं थारोळं आणि त्यात एक काळा डोळा. प्रांजल रडायच्या बेतात. चौथीच्या प्रदर्शनात तिला मण्यांचे चार इमोजी मांडायचे होते. दोन दिवस खपून तिने खुंट्यांच्या प्लेटवर एकेक मणी बसवला होता आणि वर कागद ठेवून इस्त्रीच्या उष्णतेने ते एकमेकांना चिकटवायचं सोपं काम आईवर सोपवलं होतं. सोपं! आता उरला होता एकच, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारा. पिवळे मणी संपलेले. अर्ध्या तासात शाळा गाठायची होती.

"हाड ती हय," खिडकीजवळून तिचे सासरे धाकू इस्त्रीसाठी हात पुढे करत म्हणाले.

श्वेताने इस्त्री घट्ट धरली. सासऱ्यांची भांडुपला अडतीस वर्षं लाँड्री होती, कबूल. पण दिवाळीत त्यांनी सुबोधचा, म्हणजे स्वतःच्याच मुलाचा, नवाकोरा शर्ट जाळला होता. पाठीवर अख्ख्या इस्त्रीचा तपकिरी छाप. 'नजर गेली माझी,' असं आपणहून म्हणाले होते. तेव्हापासून इस्त्री कपाटात आणि किल्ली श्वेताच्या पर्समध्ये. आपण केलं ते बरोबरच केलं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. धाकू मात्र त्या दिवसापासून खिडकीला जे चिकटले ते चिकटलेच. ते बघून तिला वाईटही वाटे.

"बाबा, तुम्हाला नीट दिसत नाही."

"इस्त्री डोळ्यांनी नाय गो करूची. वासान करूची."

वाद घालायला वेळ नव्हता. तिने इस्त्री त्यांच्या हातात दिली. धाकूंनी आच कमी करायला बटण मागे फिरवलं, कागदावरून गोल गोल हात नेला आणि नाक पुढे केलं. मण्यांना जेमतेम वास सुटला, तशी इस्त्री उचलून त्यांनी न बघताच बाजूला उभी केली. कागद सोलला. झकास! एक मणी जागचा हलला नव्हता. प्रांजल टाळ्या पिटत नाचायला लागली.

श्वेता इमोजीकडे बघतच नव्हती. ती त्या उभ्या इस्त्रीकडे बघत होती. शर्टावरचा छाप आडवी टाकून दिलेल्या इस्त्रीचा होता. हा माणूस इस्त्री आडवी टाकेल?

"प्रांजल, हे मणी आपण दिवाळीतच आणले होते ना गं? तेव्हा इस्त्री तू घेतली होतीस?"

प्रांजलच्या टाळ्या थांबल्या. "आजोबा म्हणाले होते, सांगू नको..."

"ल्हान पोराचो हात तो," धाकू पुन्हा खिडकीकडे वळत म्हणाले. "बसात हळूहळू."

श्वेताचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि सुबोधचा उद्याचा पांढरा शर्ट घेऊन आली. तो सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवून तिने पर्समधली किल्ली काढली आणि शर्टावर ठेवली.

"बाबा, हा करून ठेवा. आणि आम्हा दोघींना शिकवा, इस्त्री उभी कशी ठेवतात."