सध्याचा पत्ता

भाड्याचं घर बघायला आलेल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. टेसाने अजून उंबराही ओलांडला नव्हता, आणि तिच्या फोनवर आधीच्या अर्जाचा नकार येऊन पडला.

"माहिती अपूर्ण," तिने वाचलं. "पुन्हा तेच! पगाराची चिठ्ठी दिली, बँकेचा हिशेब दिला, आता काय दातांचा एक्स-रे जोडू?"

पुढे उभी असलेली बाई हसली. तिच्या कडेवर पेंगुळलेलं पोर होतं. "मी तर आमच्या कुत्र्याचासुद्धा बायोडेटा जोडला. स्वभाव मनमिळाऊ, भुंकणं बेताचं."

"मग?"

"त्यालाही नकोच म्हणाले."

ग्लेन पलीकडे गाडीला टेकून उभा होता. टेसाचा चेहरा बघून त्याने काही न विचारता दार उघडलं.

ग्लेन म्हणजे टेसाच्या थोरल्या बहिणीचा, ब्रॉनीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गूलवाच्या किनाऱ्यावर ब्रॉनीचे कपडे सापडले, चपला सापडल्या. ब्रॉनी सापडली नाही. तिथला समुद्र नेलेलं माणूस परत देत नाही, असं पोलीस म्हणाले. सगळ्यांनी ते मानलं, ग्लेनने मानलं नाही. तो दर रविवारी किनाऱ्यावर जायचा. लांबलांबच्या दवाखान्यांत तिचा फोटो दाखवून यायचा. सगळ्या गल्लीला त्याची कणव होती.

टेसाच्या घरमालकाने घर विकलं, तेव्हा ग्लेननेच तिला मागची खोली दिली. भाडं घेतलं नाही. अधूनमधून जेवताना एवढंच विचारायचा, "जायच्या आधी ब्रॉनी तुला काही बोलली होती का गं? आठवून बघ."

टेसाला आठवण्यासारखं काही नव्हतं. या माणसावर किती दिवस ओझं होऊन राहायचं, एवढंच तिच्या मनाला लागलं होतं.

त्या संध्याकाळी तिने भाडेकरूंचे अर्ज तपासणाऱ्या कंपनीला फोन लावला. यंत्र बराच वेळ तेच तेच बोलत राहिलं. तिने फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावून ठेवला आणि कांदे चिरायला घेतले. ग्लेन सॉसेज परतत होता. अखेर एका मुलीचा आवाज आला.

"मॅडम, तुम्ही सध्याचं घर लपवलंय. सिस्टीम असे अर्ज आपोआप फेटाळते."

"कुठलं घर?"

"पोर्ट पिरीमधला फ्लॅट." मुलीने गल्लीचं नाव आणि दाराचा नंबर घडाघडा वाचून दाखवला. "दोन वर्षं तुमच्याच नावावर आहे."

"मी जन्मात तिथे राहिलेली नाही!"

"लायसन्स तुमचंच आहे. सोबतचा फोटोही तुमचाच दिसतोय. केस तेवढे आखूड."

"अहो, कुणीतरी माझं नाव चोरलंय!"

"तशी तक्रार ॲपवरून करावी लागेल." फोन बंद झाला.

करपल्याचा वास सुटला होता. ग्लेन हातात उलथनं धरून तसाच उभा होता.

"ग्लेन, गॅस!"

त्याने सावकाश गॅस बंद केला.

"सकाळी आधी पोलिसांत जाते," टेसा म्हणाली.

"पोलिसांत?" ग्लेन हसला. "ब्रॉनीच्या वेळी काय दिवे लावले त्यांनी? आपणच जाऊ. समोर उभं राहून विचारू."

"तुझं काम?"

"रजा टाकतो. तू नको काळजी करू."

सकाळी दोघं निघाले. शहर मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना गव्हाची कापलेली शेतं लागली. ग्लेन गाडी जोरात हाणत होता. पेट्रोल पंपावर टेसाने खिमा भरलेल्या दोन गरम पेस्ट्र्या घेतल्या. त्याची पेस्ट्री कागदात तशीच गार झाली. आपल्यासाठी कुणी इतकं चिडावं, याचं टेसाला बरंच वाटलं.

पोर्ट पिरीच्या कारखान्याचं उंच धुराडं दिसू लागलं तेव्हा त्याने वेग कमी केला. इमारतीसमोर जागा होती, तरी गाडी त्याने मागच्या गल्लीत लावली.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "बाई एकटी दिसली की लोक दार उघडतात. मी आलोच."

टेसा जिना चढली. घोकून ठेवलेली वाक्यं तिने मनात पुन्हा एकदा म्हटली आणि दार जोरात ठोठावलं. आत सामसूम. मग दारातलं भिंग काळवंडलं. कुणीतरी तिला बराच वेळ न्याहाळत होतं.

एक कडी निघाली. दुसरी निघाली. साखळी सरकली.

दारात आखूड केसांची, वाळलेली बाई उभी होती. घोकलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"ब्रॉनी?"

ब्रॉनीने तिला मिठी मारली नाही. तिच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जिन्याकडे बघितलं.

"टेस," ती कुजबुजली, "ग्लेनला नाही ना कळू दिलंस?"