चाकाखालचा कोहळा

नव्याण्णवच्या खंडेनवमीला अनिलकुमारांनी वर्षभर झाकून ठेवलेली लाल, उघड्या टपाची गाडी बाहेर काढली. दोनच सीटची गाडी. शेजारच्या सीटवर त्यांनी घमेलं आणि फावडं ठेवलं होतं. बसवनगुडीत घरोघरी वाहनांची पूजा झाली होती, दृष्ट काढून रस्त्यावर कोहळे फोडले होते. दिसेल तिथे थांबून ते कुंकवानं माखलेल्या फोडी घमेल्यात भरत होते.

पुरुषोत्तम टेम्पोवाला धावत आला. “अण्णा, हात लावू नका! माझ्या टेम्पोची दृष्ट आहे ती. स्वल्प चाकाखाली जाऊ दे की.”

“गेल्या वर्षी ही नवी आणली, तेव्हा मीही असंच म्हणालो होतो. बायको सांगत होती, अहो, निदान बाजूला तरी सारा.”

“मग?”

“मग आम्ही दोघं हिच्यातून देवळाला निघालो. तिसऱ्याला जागाच नाही. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी स्कूटरवरून येते. फाटकाबाहेर पडताच तिचं चाक कोहळ्यावरून घसरलं. मागून बस येत होती. वीस वर्षांची होती सुखदा.”

पुरुषोत्तम गाडीवरून हात फिरवत राहिला. “गाडी मात्र छान ठेवलीत, अण्णा.”

“दृष्ट काढली होती ना तिची,” अनिलकुमार म्हणाले. “बघा, एक ओरखडासुद्धा नाही.”