खर्चाचा रकाना

अर्जातला खर्चाचा रकाना जयश्रीने अजून कोराच ठेवला होता. मागे रांग खोळंबली होती.

"खरं शे ते लिख, बेटा. कसानी लाज?" उखा म्हणाला. लूमच्या खात्यातली मागावरची पाळी संपवून तिचा बाप थेट या कॉम्प्युटर प्रदर्शनात आला होता. त्याच्या केसांत धाग्यांचा भुसा होता. जयश्रीला त्या भुशाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही.

तिचा गेम दोन फ्लॉपींत मावला होता. मागावर धागे तुटत जातात, कापड बिघडायच्या आत गाठ मारायची. खर्च साठ रुपये, तोही फ्लॉपींचाच. सुवर्णपदक मिळालं तर तीन वर्षांचा कॉम्प्युटर कोर्स फुकट. नाहीतर जूनपासून डिंडोलीतल्या घरच्या खोलीत बसून साड्यांना टिकल्या लावायच्या.

पण फलकावर स्पष्ट लिहिलं होतं : लाखाच्या वर खर्च झालेले गेम मानाच्या विभागात, स्टेजवर. बाकीचे मागे, पाण्याच्या पिंपाजवळ.

तिच्या पुढे केयूर होता, मिलवाल्या शेठचा मुलगा. त्याच्या गेमची चित्रं मुंबईच्या चित्रकारांकडून करून घेतलेली. अर्ज मात्र शेठचे हिशेबनीस मेहताजी भरत होते, आकड्यावर हात धरून. जयश्री डोकावतेय हे पाहून ते हसले. "बेन, कागळ पर साचो आंकडो कोण लखे?"

म्हणजे खरा आकडा हे बडे लोकही लिहीत नाहीत, फुगवूनच सांगतात तर! जयश्रीच्या जिवात जीव आला. तिने लिहिलं, सव्वा लाख. उखाला वाचता येत नाही, याचं तेव्हा तिला बरं वाटलं.

स्टेजवर तिच्या गेमला सोनेरी पट्टी लागली. केयूर तिथे दिसला नाही. माघार घेतली असेल, असं म्हणून तिने सुटकेचा सुस्कारा सोडला.

पुण्याहून आलेले परीक्षक तिच्या गेमपुढे ठाण मांडून बसले. तीनदा हरले, तरी उठेनात. मग त्यांनी अर्ज उलगडला.

"गेम झकास आहे, पोरी. पण सव्वा लाख? पैसा ओतल्यावर काय, कुणालाही जमतं. हाच शे-पन्नास रुपयांत केला असतास, तर डोळे मिटून पदक दिलं असतं."

खरं सांगावं तर खोटारडी ठरणार. खाली उखा स्वतःच्या छातीवर हात ठेवून शेजारच्या माणसाला सांगत होता, "मनी पोर शे ती." तिला बापाकडे बघवेना.

परीक्षकांनी माइक घेतला. "मानाच्या पट्ट्या राहू द्यात. सुवर्णपदक पिंपाजवळच्या एका गेमला. मुंबईच्या तोडीची चित्रं, आणि खर्च फक्त नव्वद रुपये!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पिंपाजवळून केयूर उठला.