बेटाचा फुलोरा

इस्लापूरच्या करीमचाचांची हयात शिड्या बांधण्यात गेली, पण अब्बांनी लावलेलं बांबूचं बेट फुललेलं त्यांनी यंदा पहिल्यांदाच पाहिलं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि बी झडलं की वाळून ठिसूळ होतो. शिडीच्या कामाचा राहत नाही. शेजारच्या वसंतराव गुरुजींना शिडी हवी होती. चाचांनी फुलोऱ्यातच बेट तोडायला कोयता उचलला, तशी बायको बेगमबी आडवी आली. "पोटुशीवर कोयता चालवतेत का? बाळंत तर होऊ द्या." चाचांनी कोयता खाली ठेवला. वाऱ्यानं फुलांची पिवळी भुकटी अंगणभर उडाली. बी झडायला लागलं तेव्हा बेगमबीनं ठेवणीतली चादर बेटाखाली अंथरली. बेट वाळून गेलं. पावसाळ्यात गुरुजींनी कुंपणावरून विचारलं, "करीमभाई, आमची शिडी कुठवर आली?" चाचांनी दुधाच्या पिशवीत उगवलेलं बोटभर रोप कौतुकानं पुढं धरलं. "ही काय, वाढून राहिली."