कोंबडीची कसोटी

इझार्नला पकडल्याची बातमी आली तेव्हा मेंगार्दा मेंढ्यांचं दूध गाळत होती. तिने भांडं खाली ठेवलं, हात पुसले आणि विचारलं ते भलतंच.

"त्यांनी काही कबूल केलं का?"

बातमी आणणारी तिची नणंद गाउझिया दारातच थबकली. "मारलं का, जेवायला दिलं का, हे नाही विचारलंस वहिनी. कबूल केलं का म्हणे."

पण मेंगार्दाचा जीव त्यातच अडकला होता. इझार्न 'भला माणूस' होता, म्हणजे डोंगरात लपूनछपून चालणाऱ्या त्यांच्या पंथातला दीक्षा घेतलेला. मांस नाही, अंडं नाही, बाईचा स्पर्श नाही, खोटं नाही. देह म्हणजे सैतानाने शिवलेला अंगरखा, आतला जीव मात्र वरच्या प्रकाशातून खाली पडलेला. भल्या माणसाने मरणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला की तो जीव थेट घरी जातो, असं सगळं गाव मानायचं. बिशप मानत नसे. तो अशा माणसांना जाळायचा.

गेल्या हिवाळ्यात मेंगार्दाचा नवरा पोन्स तापाने फणफणला, तेव्हा इझार्नने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर फक्त पाणी. तोंडात घास गेला तर सगळं वाया. आणि नेमका पोन्सचा ताप उतरला. त्याला कडकडून भूक लागली. तो खायला मागायचा, हातापाया पडायचा, मग शिव्या द्यायचा. मेंगार्दाने बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून रडत बसली. शेवटी आतला आवाज थांबला.

"माझ्या भावाला उपाशी मारलंस," असं गाउझिया उठताबसता ऐकवायची. मारलं नाही, घरी पोचवलं, असं मेंगार्दा म्हणायची. ते म्हणता यावं म्हणूनच ती जगत होती.

पण हात ठेवणाराच खोटा निघाला, तर त्याने पोचवलेले सगळे जीव पुन्हा खाली पडतात. इझार्न आगीला भिऊन फिरला असता, तर पोन्स कुठल्यातरी गाढविणीच्या पोटी जन्माला आला असता आणि त्याची ती भूक फुकट गेली असती.

दुसऱ्या दिवशी दोघी खालच्या शहरात गेल्या. तुरुंगाच्या पहारेकऱ्याने चीजचा गोळा ठेवून घेतला आणि फारसे आढेवेढे न घेता मेंगार्दाला आत सोडलं. सकाळपासून बऱ्याच बाया येऊन गेल्या, असं तो जांभई देत म्हणाला.

इझार्न गवतावर बसला होता. मेंगार्दा पंथाच्या रीतीप्रमाणे तीनदा वाकली, त्याने आशीर्वाद दिला. तिने आणलेली भाकरी आणि उकडलेले वाटाणे तो सावकाश खाऊ लागला. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण आता तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

"उद्या चौकात तुमच्या हातात कोंबडी देतील," ती म्हणाली. "मारा म्हणतील. मारू नका, बाबा. जाळतील, ठाऊक आहे मला. तरी मारू नका."

"पोन्ससाठी म्हणतेस?"

तिने मान हलवली.

"नाही मारणार," इझार्न म्हणाला. "पण पोरी, एकट्या पोन्सचंच का? माझ्याआधी जे भले लोक गावात आले, त्यांनीही कितीजणांना पोचवलं असेल. मी नवखा, मला ती घरं ठाऊक नाहीत. नावं सांग. रात्रभर सगळ्यांसाठी प्रार्थना करतो."

मेंगार्दाला भरून आलं. मरणाच्या दारात बसलेला माणूस परक्यांची काळजी करतोय. ती आठवून आठवून सांगत गेली. कुणाच्या माळ्यावर भले लोक उतरायचे, कुणाची आई, कुणाचा सासरा. एकही घर राहू नये म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

सकाळी चौक भरला होता. मध्ये लाकडं रचली होती. बिशपच्या कारभाऱ्याने इझार्नच्या बांधलेल्या हातांत कोंबडी दिली, शेजारी सुरी ठेवली. प्राण्यांतही पडलेले जीव राहतात असं मानणारा भला माणूस ती उचलणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मारेल बघ," गाउझिया पुटपुटली. "जीव कुणाला नको असतो?"

इझार्नने कोंबडी छातीशी धरली. मग वाकून तिला हळूच जमिनीवर सोडलं.

"हिच्यात कोण राहतंय मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी मारणार नाही."

 मेंगार्दा तिथेच तीनदा वाकली. आजूबाजूला आणखी कितीतरी माणसं वाकली, कुणाला भान राहिलं नाही. गाउझियाने तिला उठवून पोटाशी धरलं. पोन्स गेल्यापासून हे पहिल्यांदाच.

"पोचला गं माझा भाऊ," ती हुंदके देत म्हणाली. "तूच पोचवलास. चुकले मी, वहिनी."

कारभारी पुढे आला. त्याने स्वतःच्या हाताने इझार्नच्या दोऱ्या सोडल्या. इझार्नने मनगटं चोळली आणि खणखणीत आवाजात एकेक घर सांगायला सुरुवात केली, मेंगार्दाने सांगितलं होतं त्याच क्रमाने. शिपाई गर्दीत शिरले. सगळ्यात शेवटी त्याने बोट दाखवलं ते तिच्याकडे.

"आता जेवायला चला," कारभारी म्हणाला.

इझार्नने पायाशी फिरणारी कोंबडी धरली, एका हिसक्यात तिची मान मुरगळली आणि ती काखेत मारून तो त्याच्यामागे चालू लागला.