लेखी द्या, साहेब

"राठोड, तुम्ही जीपमध्येच बसा. सभा अभिषेक घेईल."

तालुका कृषी अधिकारी पाठकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा घाटंजीकडचा तो तांडा कडुलिंबाखाली जमलाही होता. पुढे बाया, मागे बाप्ये. गेल्या साली बोंडअळीनं कापसाची वाट लावली होती, यंदाही फुलात अळी दिसायला लागली होती. सभेला कोणाला हाताला धरून आणावं लागलं नव्हतं.

आभा राठोड या तांड्याची कृषी सहायक. गेली काही वर्षं ती इथं येत होती, पण जीवन राठोड म्हणून, पँट-शर्टात. लांबच्या रजेवरून परतली ती आभा होऊन. सरकारदरबारी नाव बदललं, ओळखपत्र नवं आलं. आज पहिल्यांदाच ती साडी नेसून तांड्यावर आली होती. निळी साडी, कडक इस्त्री, पदराला पिन.

"काहून, साहेब?" तिनं विचारलं.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी. ऑफिसात मी कधी काही बोललो का? पण हा तांडा आहे. माणसं हसतील, काहीबाही बोलतील, अळी राहील बाजूला. यापुढे तुम्ही आतलं काम बघा. रेकॉर्ड रूम आहे, पंखा आहे."

पंखा आहे म्हणे! आभाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लेखी द्या, साहेब."

"काय?"

"आभा राठोड तृतीयपंथी आहे, म्हणून तिला सभा घेऊ देत नाही. एवढं लिहा अन् खाली सही करा. मी आत्ता जीपमध्ये जाऊन बसते. नोकरीत असा भेदभाव करता येत नाही, तसा कायदा आहे. तो असताना तुम्ही तोंडी सांगायचं अन् मी मान डोलवायची, हे जमणार नाही."

आता सरकारी खात्याची गंमत बघा. तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो. लेखी मात्र साहेबाच्याच मानगुटीवर बसतो. पाठकांच्या घरात आजोबांपासून नोकरी. हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तसाच परत आला.

शेजारी उभ्या असलेल्या अभिषेकनं हातातला बोंडअळीचे पतंग धरायचा सापळा आभापुढे केला. तोही कृषी सहायकच, तिच्याच बरोबरीचा. "घ्या मॅडम. मले तसंही तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"बघा बुवा," साहेब म्हणाले. "काही झालं तर माझ्याकडे येऊ नका."

आभा सतरंजीपुढे उभी राहिली. मागं कोणी खाकरलं, कोणी फिदीफिदी हसलं. तिनं आवाज चढवला आणि हसणाऱ्यालाच उठवलं.

"सोनू, तुह्या वावरात अळी हाय का नाही?"

"हाय."

"मंग दात कायले काढून राह्यला? ये इकडं, धर हे."

तांडा खदखदून हसला, पण सोनूला. सापळा कुठं बांधायचा, अळीनं मिटवलेली फुलं तोडून कशी जाळायची, सगळं आभानं सांगितलं. अर्धं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत. बाप्ये प्रश्न विचारत राहिले. तिला उत्तरं येत होती.

सभा संपली तशी पुढच्या रांगेतली म्हातारी सुखीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं आभाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग एकदम तिच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडायला लागली. लांब सूर लावून, शब्द ओढून ओढून. तिच्या मागून हंसाबाई आली. मग आणखी बाया. सगळ्या गळ्यात गळा घालून रडायला लागल्या. आणि त्यांच्या मधोमध आभाही, त्याच सुरात.

पाठकसाहेब जीपजवळून धावत आले. चेहरा पांढराफटक.

"मी सांगत होतो! राठोड, चला, आधी जीपमध्ये चला! नाईक, हे काय झालं? कोणी गेलं का?"

तांड्याचे नाईक बाबूसिंग जागचे हलले नाहीत. पागोट्याच्या शेवानं त्यांनी डोळे टिपले.

"कोणी गेलं नाही, साहेब. आमच्यात लेक घरी आली का बाया अशाच भेटतात."

बायांचा सूर आणखी वर गेला. नाईक तो ऐकत राहिले.

"बाप्याले नाही भेटत असं कोणी."